डोक्याची बाजू

पुस्तकांच्या कपाटाच्या फळ्या बदलणं हे एका दुपारचं काम आहे, असं मी माझ्या बायकोला, नोएलीनला, स्पष्ट सांगितलं होतं. ती म्हणाली, "सुताराला बोलाव." आता, मी उभी हयात विमा कंपनीत काढली. वादळात कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या मेंढ्यांनी कुणाची गाडी खरवडली, की जाऊन पाहणी करायची आणि "यात थोडी तुमचीही चूक आहे" हे गोड शब्दांत सांगायचं, हा माझा पेशा. दुसऱ्यांची फजिती इतकी वर्षं जवळून पाहिलेल्या माणसाला फळ्यांसाठी सुतार लागावा, हे मला लागलं. मी तसं बोलून दाखवलं नाही. फक्त चहा अर्धा टाकून उठलो.

हे कपाट खोक्यातून सुट्या भागांत आलं होतं आणि मीच ते जोडलं होतं. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो नोएलीननं स्वयंपाकघराच्या खिडकीत बशीत ठेवला आणि गेली कित्येक वर्षं आल्यागेल्याला दाखवला. कपाट मात्र उभं राहिलं. आमच्या केर्नडेल गावच्या लायब्ररीत नोएलीन कामाला होती. लायब्ररी जी पुस्तकं काढून टाकी ती नोएलीन घरी आणी, आणि लोक न वाचलेलीच पुस्तकं काढून टाकतात, म्हणजे जाडजूड. ज्ञानकोश, नकाशे, मेंढ्यांच्या जातींचा सचित्र इतिहास. फळ्यांनी हळूहळू पोटं सोडली. मधल्या फळीखाली नोएलीननं घरी मुरवलेल्या पीचची एक बरणी टेकू म्हणून लावली, मग तिच्याखालच्या फळीला आलुबुखारची. हिवाळा आला तरी आम्हाला ते आलुबुखार खाता येईनात, कारण ते खाल्ले असते तर ज्ञानकोश खाली आला असता.

मी रीतसर कपाटाच्या कंपनीला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक मुलगी आली.

"फळीवर काय ठेवलं होतं, सर?"

"पुस्तकं."

"किती?"

"हे बघा, कपाट पुस्तकांचं आहे, असं तुम्हीच खोक्यावर लिहिलंय."

"हो सर, पण ते शोभेच्या दृष्टीनं. एखादी फुलदाणी, एखादं पुस्तक. आणि फळ्या सुट्या मिळत नाहीत. तुम्ही नवं कपाट घेऊन त्यातल्या फळ्या काढू शकता."

तिचं म्हणणं फळीइतकंच भक्कम होतं. मी आभार मानून फोन ठेवला.

आमच्या शेजारी ॲथल गेडिस राहतात. ऐंशीच्या पुढचे, सव्वासहा फुटांचे, जन्मभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारलेले. त्यामुळे साधं "गुड मॉर्निंग"ही ते अशा आवाजात म्हणतात की समोरच्यानं बोली लावावी. आमच्या मधलं कुंपण उंच पत्र्याचं आहे. ते पलीकडे खुर्ची टाकून बसतात आणि तिथून सल्ले येतात.

"भुसा आहे तो, लिंडसे!" पत्र्यापलीकडून आवाज आला. "पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा नि डिंक, वर लाकडाचा फोटो चिकटवलेला. खरं लाकूड आण."

भुशावर त्यांचा राग आहे, आणि त्याचं कारण आहे. त्यांची बायको आयला गेली तेव्हा घाईघाईत दुकानातली शवपेटी आणली. वरून छान दिसत होती. दफनभूमीत पाऊस लागला आणि सगळ्यांच्या देखत तिचा एक कोपरा बिस्किटासारखा फुगला. ॲथल त्यावर कधी बोलत नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांनी गावच्या शवपेटी मंडळात नाव घातलं.

हे मंडळ दर बुधवारी हॉलमध्ये भरतं. म्हातारी माणसं आपापली पेटी आपल्या हातानं बनवतात, रंगवतात, मधे चहा पितात, स्कोन नावाचे छोटे पाव लोणी लावून खातात, आणि एकमेकांच्या पेटीला नावं ठेवतात. व्हर्ना टिपेट नावाच्या बाई अध्यक्ष आहेत. त्यांची स्वतःची पेटी केव्हाच तयार आहे, तिच्यात त्या लोकर ठेवतात. ॲथलची पेटी मॅक्रोकार्पाच्या लाकडाची होणार होती. वारा अडवायला शेताच्या कडेला लावतात तेच झाड, पण हे त्यांच्या स्वतःच्या फाटकाशी होतं. बाजारातून ते रात्री परतले की आयला त्याच्याखाली कंदील घेऊन उभी असे. शेत विकलं तेव्हा त्यांनी झाड पाडून फळ्या काढून ठेवल्या. हे सगळं मी ऐकून होतो. फळ्या मात्र मी कधी पाहिल्या नव्हत्या, त्या हॉलमध्ये असत. आता गुरुवारी डनेडिनच्या इस्पितळात त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि त्याआधी पेटी उभी राहायला हवी असा त्यांचा हट्ट होता.

"मी टेबलावरून उठलो नाही, तर कुणी मला भुशात घालता कामा नये," असं ते पोस्टमनलासुद्धा सांगत.

तर, शनिवारी गरम वायव्य वारा सुटला. असा वारा सुटला की आमच्याकडे माणसं चिडचिडी होतात आणि धुणं दुसऱ्याच्या अंगणात वाळतं. मी ट्रेलर जोडून लाकडाच्या दुकानाकडे निघालो होतो. कोपऱ्यावर रस्त्याकडेच्या गवतावर एक मोडका सोफा होता, आणि त्याच्या थोडं पुढे सुतारकामाच्या दोन घोड्यांवर आडव्या ठेवलेल्या सात सुंदर फळ्या. जाड, रुंद, रंधा मारून तेल लावलेल्या. त्यांच्यावर एक पुठ्ठा पडला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "फुकट. घेऊन जा."

आमच्याकडे असा पुठ्ठा म्हणजे खरेदीखत. नको असलेली वस्तू माणूस घरासमोर गवतावर ठेवतो, पुठ्ठा लावतो, आणि ज्याची गाडी आधी थांबेल त्याची ती वस्तू. यात विचारणं असभ्य समजतात. आमचं अर्धं घर असं आलंय. मी फळ्या भरल्या, पुठ्ठाही घेतला. कुत्रं फिरवणाऱ्या एका गृहस्थानं माझ्याकडे बघून हात उंचावला, त्यात कौतुक होतं.

"इतकं चांगलं लाकूड कोण टाकतं?" नोएलीननं विचारलं.

"ज्यांच्याकडे जास्त आहे ते," मी म्हटलं. पुठ्ठा मुळात सोफ्यावर होता आणि वाऱ्यानं उडून फळ्यांवर बसला होता, ही शंका माझ्या मनाला शिवली नाही. विम्याच्या कामात मी वाऱ्याबद्दल किती अहवाल लिहिले असतील, देव जाणे.

गोल पात्याची करवत ॲथलकडे होती. ती मी त्यांच्याकडून घेऊन आलो. डॉक्टरांनी उचलायला आणि धुळीत जायला मनाई केली होती, म्हणून ते पलीकडे खुर्चीत बसून देखरेख करू लागले. दिसत काहीच नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

"पातं सावकाश घाल! घाई कसली आहे तुला? हां, असं." मग जरा थांबून, "मॅक्रोकार्पा आहे की काय रे? वास आला."

"असेल. फुकट मिळाल्या."

"नशीबवान आहेस. जीव तोडून सांगतो, त्याच्यासारखं लाकूड नाही."

तिसऱ्या फळीच्या टोकाला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं दिसलं. मी करवत थांबवली.

"ॲथल, इथं लिहिलंय, 'डोक्याची बाजू'."

"पलंग असणार कुणाचा," पत्र्यापलीकडून निकाल आला. "काप."

मी कापली.

तीन फळ्यांच्या तुकड्यांतून संध्याकाळपर्यंत कपाटाच्या पाचही फळ्या बसल्या. आलुबुखारची बरणी मोकळी झाली, आम्ही ती समारंभपूर्वक उघडली. घरभर लाकडाचा वास दरवळत होता. ज्ञानकोश ताठ उभा होता. नोएलीन दोनदा येऊन बघून गेली आणि "बरं झालंय" म्हणाली. तिच्या तोंडी हे शब्द म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. मी मुद्दाम बशीतल्या स्क्रूकडे पाहिलं, तिनंही पाहिलं.

रविवारी सकाळी व्हर्नाबाई दारात उभ्या. डोळे लाल.

"तुम्ही काल कोपऱ्यावर कुणाला पाहिलंत का? कुणाचा ट्रेलर वगैरे?"

मी त्यांना आत बसवलं. हॉलमध्ये फुलांचं प्रदर्शन होतं, म्हणून त्यांनी ॲथलच्या फळ्या आपल्या घरी आणल्या, तेल लावलं, आणि वाळायला वाऱ्यावर बाहेर ठेवल्या. आंघोळ करून बाहेर येतात तो फळ्या गायब.

यानंतर मी जे केलं ते सांगताना आजही मला कसंतरी होतं. मी भाषण केलं. उभा राहून केलं. म्हाताऱ्या माणसाची शेवटची वस्तू उचलणाऱ्याला काय म्हणावं, या गावाचं काय होत चाललंय, आमच्या वेळी लोक दारं उघडी टाकत, वगैरे. मी पोलिसांचाही उल्लेख केला. नोएलीन माझ्याकडे बघत नव्हती. ती कपाटाकडे बघत होती.

"लिंडसे," ती म्हणाली, "खाली बस."

व्हर्नाबाईंनी नाक वर करून वास घेतला. मग त्या उठल्या, दुसऱ्या फळीवरचा नकाशांचा खंड बाजूला ठेवला, वाकून खालून पाहिलं. खालची बाजू कोण बघतं, म्हणून मी तिथं पॉलिश पेपर मारला नव्हता.

"हे माझं अक्षर आहे," व्हर्नाबाई म्हणाल्या.

त्यांनी नकाशांचा खंड परत जागेवर ठेवला. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांना सांगाल, की मी सांगू?" नोएलीननं माझ्या हातात स्कोनची ताटली दिली आणि मला दाराबाहेर काढलं.

ॲथल ओसरीत बसले होते. मी ताटली ठेवली आणि सगळं सांगितलं. वाटेत विमा कंपनीच्या भाषेत दोन वाक्यं जुळवली होती, "घटनेच्या वेळी वस्तूच्या मालकीबाबत संभ्रम होता" अशी. ती तोंडातून निघालीच नाहीत.

ते काही बोलले नाहीत, आणि हेच वाईट होतं. ज्या माणसाचा आवाज तीन गल्ल्या ऐकू येतो तो गप्प बसला की काय करावं कळत नाही.

"कापताना मीच म्हणालो, काप," शेवटी ते म्हणाले.

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"वास ओळखला रे मी. लाकूड ओळखलं नाही." मग स्कोनकडे बघत म्हणाले, "आयलाला मी भुशात पाठवलं. तिनं काय म्हटलं असेल? मला वाटलं होतं, निदान आपल्या फाटकाचं लाकूड अंगाभोवती असलं, तर तिला सांगता येईल, की बघ, या वेळी नीट केलं."

मी चांगल्यातलं चांगलं लाकूड आणून देतो म्हणालो. ते मान हलवत राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि ते वाटणं कुठं ठेवावं हे समजेना, म्हणून मी त्यांच्याच स्कोनला लोणी लावत बसलो.

दुपारी ते स्वतःच काठी टेकत आमच्याकडे आले. कपाटासमोर उभे राहिले. हात पसरून रुंदी घेतली, उंची घेतली, मग बाजारात गाय बघावी तसे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघितलं.

"किती फळ्या शिल्लक आहेत?"

"चार. अख्ख्या."

"दोन बाजूंना, दोन पाठीला. हा भुशाचा सांगाडा फेकून दे. उभं केलं की कपाट, आडवं केलं की मी." त्यांनी काठीनं जमिनीवर ठोका दिला, लिलाव मिटावा तसा. "तुझ्या पाच फळ्या काढून वरून आडव्या ठोकल्या की झाकण. आहे की नाही?"

"पण पुस्तकं?" नोएलीन म्हणाली.

"तोवर ठेवा की. माझ्या घरी कुठं पुस्तकं आहेत?"

अडचण रुंदीची होती. फळ्या कपाटाच्या मापानं कापलेल्या, म्हणजे माणसाच्या मानानं बऱ्याच ऐसपैस. म्हणून सोमवारी मी दफनभूमी सांभाळणाऱ्या कौन्सिलला, म्हणजे आमच्या नगरपालिकेला, फोन केला.

"शवपेटी जास्तीत जास्त किती रुंद चालते?"

तिथल्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. कोण गेलं?"

"कुणी नाही. ते इथंच चहा पिताहेत."

"मग पेटी कुणाची?"

"सध्या पुस्तकांची."

त्यांनी माझा फोन लायब्ररी खात्याकडे जोडून दिला. लायब्ररीतल्या माणसाला नोएलीन माहीत होती, त्यानं तिची चौकशी केली आणि फोन बांधकाम खात्याकडे दिला. तिथला गृहस्थ म्हणाला, उंच कपाट असेल तर भूकंपासाठी भिंतीला पट्टीनं बांधा, तसंच ठेवू नका. मी ते लिहून घेतलं. शेवटी मी पुन्हा पहिल्या बाईंकडे पोचलो. त्या म्हणाल्या, इतकी रुंद पेटी असेल तर खड्डा मोठा घ्यावा लागतो, त्यासाठी दोन कामाचे दिवस आधी कळवायचं.

"कशाच्या आधी?" ॲथल मागून ओरडले. "मरायच्या?"

"ते विचारताहेत, कशाच्या आधी," मी फोनवर सांगितलं.

"दफनाच्या," बाई म्हणाल्या. "आणि त्यांना म्हणावं, काळजी घ्या."

मी फळ्या थोड्या आखूड करू का, असं विचारलं. ॲथल संतापले. "आता एक बोटभरसुद्धा कापायचं नाही! आयला आयुष्यभर पांघरूण ओढून घ्यायची आणि मी काठावर झोपायचो. या वेळी मला कूस बदलायला जागा हवी."

दोन दिवस आम्ही कपाट बांधलं. खरं तर मी बांधलं, ते खुर्चीत बसून ओरडत होते, फक्त आता मधे पत्रा नव्हता. व्हर्नाबाई येऊन तेल लावून गेल्या आणि माझ्याशी जेमतेम बोलल्या. बुधवारी त्यांच्या मंडळाची बैठक आमच्या बैठकीच्या खोलीतच झाली. सगळ्यांनी कपाटाला नावं ठेवली, म्हणजे पसंत पडलं. मग ॲथलनी मधल्या फळ्या काढून ते आडवं करवून घेतलं, बूट काढले आणि आत जाऊन पडले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"आयलाला जागा झाली असती," ते म्हणाले. त्यांना उठवायला आम्हा तिघांना हात द्यावा लागला.

गुरुवारी त्यांना डनेडिनला नेलं. कपाट बैठकीत उभं होतं, रिकामं. पुस्तकं जमिनीवर ढिगांत पडली होती, नोएलीननं सांगितलं होतं, "दोन दिवस थांब, काय होतं ते बघू." ते बरोबर होतं, शहाणपणाचं होतं. मी मात्र त्या रिकाम्या कपाटासमोर बसू शकेना. त्याच्याकडे बघितलं की ते उभं न दिसता आडवंच दिसे.

दुपारी मी उठलो आणि पुस्तकं लावायला घेतली. आधी ज्ञानकोश, मग नकाशे, मग मेंढ्यांच्या जाती. एक रांग झाल्यावर तिच्यामागे दुसरी. वर आडवी, फटींत मासिकं. नोएलीन दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं ती आता बोलणार. ती स्वयंपाकघरात गेली आणि बशीतला तो स्क्रू घेऊन आली.

"भिंतीला पट्टी लावायला सांगितली होती ना?" ती म्हणाली. "भूकंपाची."

स्क्रू बरोबर बसला. मी तो हात दुखेपर्यंत आवळला. चार वाजता फोन वाजला तेव्हा आम्ही दोघंही फोनकडे बघत राहिलो, आणि मग नोएलीननं उचलला. झडप बसली होती. पेशंट शुद्धीवर आला होता आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भुशाबद्दल सांगत होता.

तीन आठवड्यांनी ॲथल आले. बारीक झालेत, आवाज तोच. कपाटासमोर उभे राहिले, फळीवर बोटं वाजवली, मग मागे वाकून भिंतीकडे पाहिलं.

"ही पट्टी कसली?"

"भूकंपासाठी. कौन्सिलचा नियम आहे."

"आणि एवढी पुस्तकं? माशी शिरायला जागा नाही ठेवलीस." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "वेळ आली तर रिकामं करायला किती वेळ लागेल?"

"दोन कामाचे दिवस," मी म्हटलं. "आधी कळवावं लागेल."

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग त्यांनी चष्मा चढवला आणि पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवत निघाले. या माणसाच्या हातात मी जनावरांच्या भावाच्या पत्रकाखेरीज काही पाहिलं नव्हतं. पातळ पुस्तकं त्यांनी सोडून दिली. शेवटी सगळ्यांत जाड खंड दोन्ही हातांनी ओढून काढला आणि काखेत मारला.

"हे नेतो," ते म्हणाले. "वाचून झालं की आणून देतो."